जिद्द, चिकाटी, उभारीचे इंग्रजी शब्द पाठ झाले, पण तोंडात बसत नाहीत

पन्हाळ्याची_वाट

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण मनापासून विचारायचं आहे.

मी पन्हाळा तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, रोज एसटीनं ये-जा. गेल्या महिन्यात एका कंपनीत मुलाखत झाली. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर मी घडाघडा म्हणून टाकलं, 'आय ॲम हार्डवर्किंग, डेडिकेटेड अँड सेल्फ-मोटिव्हेटेड.' समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'कॅन यू गिव्ह मी वन एक्झाम्पल?' आणि माझी वाचाच बसली.

सांगायला नव्हतं असं नाही. बाबा दोन वर्षं आजारी होते. मी पहाटे उठून चार म्हशींच्या धारा काढायचे, दूध डेअरीला घालायचे आणि साडेसातची एसटी धरायचे. एवढं असूनही 'डेडिकेटेड' म्हणताना मला त्या म्हशी आठवल्या नाहीत, वहीतलं पान आठवलं. त्या वहीत असे एकशेचाळीस शब्द आहेत. परसिव्हिअरन्स, रेझिलिअन्स, डिटर्मिनेशन, ॲम्बिशन, सेटबॅक, पोटेन्शियल, समोर मराठी अर्थ, सगळं पाठ. बोलायला गेलं की एक शब्द दुसऱ्याला चिकटत नाही.

हे शब्द आपलेसे कसे करायचे? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

लाल_माती

ताई, तू आत्ता जे मराठीत लिवलंस, तेच सांगायचं हुतं त्या बाईस्नी. मी पण याच धाग्यावर बसतो, मलाबी शिकायचंय. तालमीत असतो, बीए दुसरं वर्ष.

निवृत्त_मास्तर

पन्हाळ्याची_वाट, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. मी चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली पंधरा वर्षं हीच चूक केली. फळ्यावर शब्द, समोर अर्थ, उद्या पाठ करून या.

शब्द एकटा राहत नाही. आपल्या मराठीतच बघा. आपण जिद्द 'धरतो', चिकाटी 'ठेवतो', उमेद 'बाळगतो', धीर 'सोडतो', हिय्या 'करतो'. कुणी 'मी चिकाटी केली' म्हटलं तर अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. इंग्रजीतही प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं. गोल 'सेट' करतात आणि 'अचीव्ह' करतात. कॉन्फिडन्स 'बिल्ड' करतात. हॅबिट 'डिव्हेलप' करतात. इनिशिएटिव्ह 'टेक' करतात. धीर सुटला की 'लूज हार्ट'. वहीत 'कॉन्फिडन्स म्हणजे आत्मविश्वास' लिहिण्यापेक्षा 'बिल्ड कॉन्फिडन्स' ही जोडी लिहा.

आता आपल्या खास मराठी चुका. या मी हजारो वह्यांत तपासल्या आहेत आणि त्या आळसातून होत नाहीत, मराठी चांगलं येतं म्हणून होतात.

आपण मेहनत 'घेतो', म्हणून आपली मुलं लिहितात 'आय टुक एफर्ट्स'. इंग्रजीत एफर्ट 'मेक' करतात: 'आय मेड अ रिअल एफर्ट.'

आपण संकटा'तून' सावरतो, म्हणून लिहितात 'आय ओव्हरकेम फ्रॉम माय फिअर'. ओव्हरकमच्या पुढे फ्रॉम लागत नाही. ओव्हरकम म्हणजे मात करणे, आणि ती थेट भीतीवरच होते: 'आय ओव्हरकेम माय फिअर.' फ्रॉम हवंच असेल तर 'रिकव्हर फ्रॉम' म्हणा.

'कोप अप विथ' असं काही नाही, 'कोप विथ' एवढंच.

'आय वर्क हार्डली' म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही. मेहनतीनं काम करतो हे 'आय वर्क हार्ड'. मुलाखतीत ही चूक महागात पडते.

'आय विल सक्सेस' चूक. सक्सेस हे नाम, क्रियापद सक्सीड. आणि त्यापुढे 'इन' येतं: 'आय सक्सीडेड इन पासिंग द एक्झाम.'

सगळ्यात जास्त गोंधळ 'मोटिव्हेट' शब्दाचा. आपण म्हणतो 'मी मोटिव्हेट झालो', 'तिनं मला मोटिव्हेट केलं'. त्या 'झालो'चं इंग्रजीत काहीच न करता मुलं 'आय मोटिव्हेटेड' लिहून मोकळी होतात. मराठीत 'झालो' आलं की इंग्रजीत 'वॉज' किंवा 'गॉट' हवं: 'आय वॉज मोटिव्हेटेड बाय माय सिस्टर.' मराठीत 'केलं' आलं तर सरळ: 'शी मोटिव्हेटेड मी.' झालो आणि केलं एवढं सांभाळलं की इन्स्पायर, एन्करेज, डिसअपॉइंट या सगळ्यांचं कोडं सुटतं.

उच्चारही एक सांगतो. डिटर्मिनेशन सगळे नीट म्हणतात, पण 'डिटर्माइन' म्हणतात. ते 'डिटर्मिन' आहे. परसिव्हिअरन्समध्ये जोर 'व्हिअ'वर.

पन्हाळ्याची_वाट

सर, अंगावर काटा आला वाचून. 'ओव्हरकम फ्रॉम' मी अर्जात लिहिलं होतं. 'टुक एफर्ट्स' तर दोनदा. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं की चूक मराठीतून येते. मी मला इंग्रजी येत नाही एवढंच धरून बसले होते.

शिरोली_फौंड्री

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. इंग्रजीचा मास्तर नाही, पण या विषयावर माझं एक म्हणणं आहे आणि ते बरीच वर्षं मनात आहे.

माणसाच्या स्वभावाचे हे इंग्रजी शब्द आम्ही शॉपवर रोज हातात धरतो. तिकडे ते धातूचे आणि दगडाचे शब्द आहेत.

ग्रिट घ्या. हल्ली चिकाटीला ग्रिट म्हणतात. आमच्याकडे ग्रिट म्हणजे खर. पॉलिश पेपरच्या पाठीवर नंबर असतो, ८०, १२०, २२०. नंबर वाढला की दाणा बारीक. शब्दाचा मूळ अर्थ वाळू, खडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो माणसाच्या कणखरपणाला लागला. दातात खडा आला तरी चावायचं न थांबणारा माणूस, असं मी मनात धरलंय. ते चित्र माझं आहे, पण शब्द त्यानं विसरत नाही.

रेझिलिअन्सचा आमच्या पुस्तकात पक्का अर्थ आहे. लोड दिला, धातूनं ती ऊर्जा पोटात घेतली, लोड काढला की पुन्हा मूळ आकाराला आला. स्प्रिंग. टफनेस वेगळा. तो धातू वाकेल, आकार बदलेल, पण तुटायच्या आधी खूप काही सोसेल. हार्डनेस आणखी वेगळा, त्यावर ओरखडा पटकन उठत नाही. साधं बिडाचं कास्टिंग हार्ड असतं पण ब्रिटल, घणाचा ठोका बसला की तडकतं. एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं बीड, तेवढ्या ठोक्याला दाद देत नाही.

आता माणसाकडे या. वडील गेल्यावर महिन्याभरात पुन्हा कामावर उभा राहिलेला माणूस रेझिलिअंट. आयुष्यभर सोसून वाकलेली पण न मोडलेली आई टफ. दोघांना 'स्ट्राँग' म्हणून भागवता येतं, पण मग त्यांच्यातला फरक बुडतो. मराठीत आपण एकाला 'उभारी धरली' म्हणतो आणि दुसरीला 'चिवट' म्हणतो. म्हणजे फरक आपल्यालाही माहीत आहेच.

आणखी एक, जो कळला त्या दिवशी मी शिफ्ट संपल्यावरही बराच वेळ विचार करत बसलो होतो. इंग्रजीत 'मेटल' नावाचा एक शब्द आहे, अर्थ धमक, जिगर. 'शी प्रूव्हड हर मेटल.' स्पेलिंग वेगळं, पण मुळात तो धातूवाला मेटलच. एकच शब्द दोन प्रकारे लिहिला जायला लागला आणि पुढे दोन झाले. स्ट्रेस, स्ट्रेन, टेम्पर, ब्रेकिंग पॉइंट हे सगळे आमच्या टेस्टिंगच्या खोलीत ऐकू येतात.

म्हणून माझं सांगणं, ज्याचा जो धंदा त्यानं आपल्या धंद्यातून हे शब्द धरावेत. पन्हाळ्याची_वाट, तुम्ही बीएस्सीला आहात. पोटेन्शियल तुम्ही फिजिक्समध्ये शिकलात ना? उंचावर ठेवलेल्या दगडात साठलेली ऊर्जा, अजून न वापरलेली. माणसाचं पोटेन्शियलही तेच.

शब्दवेडी

शिरोली_फौंड्री, किती सुंदर लिहिलंत! मी शब्दांच्या कुळाच्या मागे असते, त्यामुळे मला राहवेना.

मोटिव्हेशनच्या मुळाशी लॅटिन 'मोव्हेरे' आहे, म्हणजे हलवणे. मोटर, मोशन, इमोशन, प्रमोशन ही सगळी त्याचीच भावंडं. गंमत म्हणजे आपल्या 'प्रेरणा' शब्दात 'ईर्' धातू आहे, त्याचाही अर्थ गती देणे, पुढे ढकलणे. दोन दूरच्या भाषांना एकच सुचलं.

इन्स्पायर म्हणजे आत श्वास फुंकणे. करेज आला हृदयाच्या लॅटिन शब्दावरून, 'कोर'. आपण 'काळजाचा माणूस' म्हणतो तसंच. म्हणून एन्करेज म्हणजे काळीज देणे आणि डिस्करेज म्हणजे काळीज काढून घेणे. एका मुळाला धरलं की तीन शब्द हाताला लागले.

एन्थुझिॲझम ग्रीक आहे: आत देव असणे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवणाऱ्याला बघितलंय ना? त्याच्या खांद्यावरचं वजन त्याला जाणवत नाही. ते बघून मला या शब्दाचा अर्थ कळला, शब्दकोशातून नाही.

ॲम्बिशन म्हणजे मुळात फिरणे. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक मतांसाठी गावभर फिरायचे, त्या फिरण्याचं नाव. आणि प्रोक्रॅस्टिनेशनमधलं 'क्रास' म्हणजे लॅटिनमध्ये उद्या. आपली चालढकल. आजचं उद्यावर.

पुण्यात_कोल्हापूरकर

सगळं वाचलं, आवडलं, पण मला विरोध नोंदवायचाय. मी आयटीत आहे, दर आठवड्याला फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. त्या टेबलाच्या पलीकडून बोलतो.

उमेदवाराला ॲम्बिशनचं रोमन मूळ माहीत आहे की नाही, यानं मला काही फरक पडत नाही. आणि रेझिलिअन्स, परसिव्हिअरन्स हे शब्द तर मला ऐकायचेच नसतात. दिवसात दहा पोरं 'आय ॲम हार्डवर्किंग' म्हणतात. मला क्रियापदं हवी असतात, भूतकाळातली. काय केलंस? काय बिघडलं? मग काय केलंस?

ताई, तुझीच गोष्ट. इतक्या साध्या इंग्रजीत सांग:

'माय फादर वॉज इल फॉर टू इयर्स. एव्हरी मॉर्निंग आय मिल्क्ड फोर बफलोज, टुक द मिल्क टू द डेअरी अँड कॉट द सेव्हन-थर्टी बस टू कॉलेज. इट वॉज हार्ड ॲट फर्स्ट. देन आय लर्न्ट टू प्लॅन माय डे.'

धार काढायला एकच क्रियापद, मिल्क. यात एकही मोठा शब्द नाही. हे ऐकल्यावर 'डेडिकेटेड' हा शब्द माझ्या कागदावर मी लिहीन, तुला म्हणायची गरज नाही.

निवृत्त_मास्तर

तुमचा नमुना उत्तम आहे, मी मुलांना दाखवीन. पण 'मोठे शब्द नकोतच' हे मला मान्य नाही. नोकरी लागल्यावर हीच मुलगी कुणाचा तरी अहवाल वाचेल, एखादं भाषण ऐकेल, परदेशातल्या सहकाऱ्याचं दुःख समजून घेईल. तिथं 'हार्ड' आणि 'गुड' एवढ्यावर भागत नाही. मोठा शब्द आधी आला की पोकळ वाटतो. गोष्ट सांगून झाल्यावर शेवटी एकदाच आला तर तो त्या गोष्टीवर बसतो. तुमच्या चार वाक्यांनंतर पाचवं घालून बघा: 'दॅट टॉट मी परसिव्हिअरन्स.' आता तो शब्द रिकामा आहे का?

पुण्यात_कोल्हापूरकर

नाही सर. शेवटी असेल तर मान्य. क्रम महत्त्वाचा, हे मी माझ्या टीमलाही सांगतो.

लाल_माती

मास्तर, मला कुस्तीतनं सांगा की. आमचे वस्ताद म्हणत्यात, पाठीला माती लागली म्हणून पैलवान संपत न्हाई. हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

आणि खाशाबा जाधवांवर दहा ओळी इंग्रजीत लिवायच्यात कॉलेजात. ते इथंच राजाराम कॉलेजला शिकले. १९४८ ला लंडनला गेले, मातीवरचा गडी पहिल्यांदा मॅटवर उतरला, सहावा आला. मग १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसं नव्हतं, तर कॉलेजच्या प्राचार्यांनी सोताचं घर गहाण टाकून सात हजार दिलं. आणि ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हे सांगताना माझा आवाज भरून येतो, पण इंग्रजीत 'ही वॉज व्हेरी ग्रेट' याच्यापुढं गाडी जात न्हाई.

निवृत्त_मास्तर

बाळा, तुझी गोष्टच इतकी भरलेली आहे की शब्द त्यात जागेवर जाऊन बसतात. बघ.

लंडनचा सहावा नंबर हा सेटबॅक. पण खाशाबांनी 'गिव्ह अप' केलं नाही. मॅट नवी होती, तिच्याशी त्यांनी 'अडॅप्ट' केलं: 'ही अडॅप्टेड टू द मॅट.' चार वर्षांनी ते 'बाउन्स्ड बॅक'. पाठीला माती लागून पुन्हा उठण्याला हाच शब्द जवळचा. 'ही गॉट बॅक ऑन हिज फीट' हेही चालेल.

आता प्राचार्य. 'हिज प्रिन्सिपल बिलीव्हड इन हिम.' इथे 'इन' विसरू नकोस. 'बिलीव्हड हिम' म्हणजे त्याचं बोलणं खरं मानलं. 'बिलीव्हड इन हिम' म्हणजे त्याच्या कर्तृत्वावर विश्वास ठेवला. घर गहाण टाकलं ते 'इन'साठी. गहाण टाकणे म्हणजे मॉर्गेज, त्यातला 'ट' उच्चारात नाही.

इंग्रजांची कुस्ती म्हणजे बॉक्सिंग, त्यामुळे त्यांचे पुष्कळ वाक्प्रचार तिथले. हार मानणे म्हणजे 'थ्रो इन द टॉवेल', कारण कोपऱ्यातला माणूस टॉवेल रिंगणात टाकून लढत थांबवायचा. 'कम अप टू स्क्रॅच' म्हणजे अपेक्षेला उतरणे. जुन्या काळी मैदानात जमिनीवर एक रेघ ओढायचे. खाली पडलेल्या मल्लानं पुन्हा उठून त्या रेघेपर्यंत यायचं. आला तर लढत चालू. तुझ्या हौद्यात उद्या एक रेघ ओढून बघ, हा वाक्प्रचार जन्मभर विसरणार नाहीस.

लाल_माती

ओढली रेघ. पोरं इचारत हुती काय करायलाईस, त्यास्नीबी सांगितलं.

आणखी एक. आपल्याकडं 'ईर्षा' म्हणत्यात ना, पेठेपेठेच्या फुटबॉलला, 'ईर्षेनं खेळली पोरं'. डिक्शनरीत 'जेलसी' दिलंय. ते चुकीचं वाटतंय.

शब्दवेडी

भावा, बरोबर पकडलंस. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर, पण कोल्हापुरात ईर्षा म्हणजे समोरच्यापेक्षा सरस ठरायची धग. त्यात द्वेष नाही. जेलसी आणि एन्व्ही दोन्ही इथं चालत नाहीत. 'कॉम्पिटिटिव्ह स्पिरिट' जवळचा, आणि माणसाबद्दल म्हणायचं तर 'ही इज ड्रिव्हन'. आतून कुणीतरी हाकतंय असा. पण खरं सांगू? आपल्या शब्दात शाहू स्टेडियमच्या गॅलरीचा जो आवाज आहे तो यातल्या कशातच येत नाही. तिथं इंग्रजीत दोन वाक्यं जास्त लिहावीत.

दुसरीतल्या_पोराची_आई

मी नुसती वाचत होते, पण एक लिहिते. माझ्या मुलाच्या वहीत शाळेनं 'ग्रोथ माइंडसेट' लिहून दिलं होतं. मला कळेना म्हणून शोधलं. कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. क्षमता जन्मतः ठरून गेलेली नसते, ती वाढवता येते असं मानणं. त्यात एक छोटासा शब्द सांगितलाय, 'येट'. 'आय कान्ट डू इट' म्हणायचं नाही, 'आय कान्ट डू इट येट' म्हणायचं.

आपल्याकडे 'अजून' आहेच की. मुलगा पाढे येत नाहीत म्हणून रडत होता. मी म्हटलं, म्हण बरं, मला सतराचा पाढा 'अजून' येत नाही. डोळे पुसले त्यानं. त्या दिवसापासून मी पण इंग्रजी बोलते. माझं चुकतं. मुलगाच म्हणतो, आई, येट.

शिरोली_फौंड्री

ताई, हा धाग्यातला सगळ्यात छोटा शब्द, आणि मला सगळ्यात मोठा वाटला.

निवृत्त_मास्तर

पन्हाळ्याची_वाट, तुमच्या एकशेचाळीस शब्दांचं काय करायचं ते सांगायचं राहिलं. चपलांचं एक रिकामं खोकं घ्या, पुठ्ठ्यानं पाच कप्पे करा. एका कार्डावर एक जोडी आणि मागे तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य. खोटं वाक्य चालणार नाही. पहिला कप्पा रोज बघायचा. वाक्य न अडखळता आलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो दोन दिवसांनी. तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्यानं. अडखळलात की कार्ड परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७२ च्या सुमारास ही रीत लोकांपुढे आणली. मी ती नोकरीच्या उत्तरार्धात वापरली.

आणि एकशेचाळीस नकोत. ज्यांना तुमच्या आयुष्यात गोष्ट आहे तेवढेच ठेवा.

पन्हाळ्याची_वाट

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांची मनापासून ऋणी आहे.

एकशेचाळीसपैकी एकतीस उरले. गाळताना वाईट वाटलं, पण 'लीडरशिप'ला माझ्याकडे खरं वाक्य नव्हतं, मग काढला. 'कोप विथ'ला होतं: 'माय मदर कोप्ड विथ एव्हरीथिंग अँड नेव्हर टोल्ड अस.' हे कार्ड लिहिताना आईला वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही, म्हशीला पेंड घालायला उठून गेली. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, अजून एकदा वाच.

एसटीत कार्डं काढून बसते. शेजारच्या आजींनी विचारलं, पत्ते खेळतेस काय गं एकटीच? त्यांना दाखवली. 'एन्करेज'चं कार्ड त्यांना आवडलं, काळीज देणे. केर्लीला उतरेपर्यंत त्या तो शब्द म्हणत होत्या.

गुरुवारी दुसरी मुलाखत झाली. निकाल अजून नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' आलंच. मी म्हशींपासून सुरुवात केली. 'मिल्क्ड'वर थोडी अडखळले. समोरच्या सरांनी मध्येच विचारलं, 'फोर बफलोज? व्हॉट टाइम डिड यू गेट अप?' हा प्रश्न माझ्या कुठल्याच वहीत नव्हता, पण उत्तर मला माहीत होतं. 'फोर-थर्टी, सर.'

लाल_माती, तुझ्या खाशाबांच्या दहा ओळी झाल्या का? इथं टाक, मलाही वाचायच्यात.

लाल_माती

आठ झाल्या, ताई. दोन येट.